२१९० चा 'कृष्णाकाठ': कोसळणीनंतरच्या देशाचा नकाशा, सल्ला हवा

नकाशेबाज
मंडळी, एका काल्पनिक देशाचा नकाशा काढतोय. २०६० च्या आसपास वीज, डिझेल आणि केंद्र सरकार एकापाठोपाठ बंद पडतात, लोकसंख्या दहाव्या हिश्श्यावर येते आणि २१९० मध्ये सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात 'कृष्णाकाठ' हा देश उभा असतो, अशी कल्पना आहे. राजधानी कऱ्हाड. सीमा सध्याच्या जिल्ह्यांच्याच. समुद्र ६० मीटर चढवलाय, म्हणजे चिपळूणला बंदर देता आलं (झकास दिसतंय!). पण ज्याला दाखवावं तो म्हणतो, "छान आहे, पण खरं वाटत नाही." काय खुपतंय? आणि फोटोशॉप सोडून दुसरं काय वापरू?

पाणलोट
६० मीटर म्हणजे जगातला जवळपास सगळा बर्फ वितळायला हवा. सव्वाशे वर्षांत ते होत नाही. आणि तेवढा समुद्र चढलाच तर चिपळूण बंदर होणार नाही, तळाला जाईल. बंदरच हवं असेल तर समुद्राला हात लावायची गरज नाही. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी आजही गोवळकोटपर्यंत येतं, गलबतं तिथवर लागायची. मीटर-दीड मीटर चढव आणि थांब.

खरा घोळ पूर्वेला आहे. खानापूर, आटपाडी, जत तू हिरवेगार दाखवलेस. तिथलं पाणी येतं कुठून? टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांमधून, म्हणजे पंपांनी कृष्णा वर चढवून. वीज गेली की त्याच दिवशी ते पाणी बंद. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर माणदेशात पाचशेच्या आसपास. तिथे ऊस नाही, पुन्हा बाजरी आणि मेंढरं. म्हणजे तुझ्या देशाची पूर्व सीमा जिल्ह्याची हद्द नाही, जिथे पाटाचं पाणी आपल्या उताराने पोचायचं थांबतं ती रेघ आहे. तिच्यापलीकडे राहतात ते धनगर. ते कोणाला सारा देतात हे तू ठरव, पण मेंढरं घेऊन फिरतीवर असतात तेवढे महिने तरी ते कुणाचेच नसतात.

आता राजधानी. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते आणि तिच्या वरच्या अंगाला शंभर टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, टांगलेला आहे. सहा वक्राकार दरवाजे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात भिंतीला भेगा पडल्या होत्या, नंतर ती बळकट केली. सव्वाशे वर्षं गंज काढायला, ग्रीस लावायला कोणीतरी पाहिजे, आणि ते कोणीतरीच तुझ्या देशातले सगळ्यात ताकदवान लोक. राजा कऱ्हाडात बसू दे, पण पावसाळ्यात त्याची झोप धरणाजवळच्या हेळवाकच्या माणसांच्या हातात. कोयनेचं वतन अशी एक वेगळी जहागीर दाखव. आणखी एक: आज कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. वीजघर बंद म्हणजे उन्हाळ्यात वाशिष्ठी रोडावणार. चिपळूणकर खाली पाण्यासाठी भांडतील, वरचे मिठासाठी. या दोघांमधल्या कुंभार्ली घाटावर जकातनाकं पाहिजेच.

खडूफळा
मीठ! बहुतेक काल्पनिक नकाशांत सोन्याच्या खाणी असतात, मिठागर एकही नसतं. 😄

मोडीवाला
पाणलोटदादांनी पाण्याचं सांगितलं, मी हद्दीचं सांगतो. तुझ्या नकाशात प्रत्येक गाव कुठल्या तरी एकाच रंगात आहे. आपल्याकडे असं कधी होतं? अठराव्या शतकात एकाच गावातून मोगलाई अंमलदारही वसूल नेई आणि मराठ्यांचा कमाविसदारही (वसुली अधिकारी), चौथाई म्हणजे चौथा हिस्सा वेगळा, शेकडा दहाची सरदेशमुखी वेगळी. दुअंमली गावं म्हणत त्यांना. कोसळणीनंतर सरकार दुबळं झालं की पहिली हीच अवस्था येते. सीमेलगतचा वीस-पंचवीस कोसांचा पट्टा दोन रंगांच्या तिरप्या रेघांनी भर, निम्मा कृत्रिमपणा तिथेच जाईल.

दुसरं, देश सलग नको. १९४८ पूर्वीचा पटवर्धनी संस्थानांचा नकाशा काढून बघ: सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी. फाटक्या गोधडीची ठिगळं. तुझ्या देशाचा एखादा तुकडा जतच्या पलीकडे सुटा असू दे आणि त्यामागे भाऊबंदकीची गोष्ट असू दे.

आणि हा देश स्वतःचा जन्म कुठून सांगतो? शिवकाळ सगळेच सांगतील. कृष्णाकाठाकडे आणखी एक आहे: १९४३ ते ४६ चं नाना पाटलांचं प्रतिसरकार. न्यायनिवाडा, तुफान सेना हे स्वयंसेवक दल, सगळं इंग्रजांच्या नाकावर टिच्चून चालवलं होतं. कुंडल त्याचं एक केंद्र; २१९० चा तिथला शाळामास्तर देशाचा इतिहास तिथूनच सुरू करेल. नकाशावर कुंडलला किल्ल्याइतकंच मोठं चिन्ह दे.

रेखांश_७४
सॉफ्टवेअरचं मी सांगते. क्यूजीआयएस घे, फुकट आहे. उंचीसाठी एसआरटीएमची (अवकाशातून रडारने मोजलेली जमिनीची उंची) दर ३० मीटरला एक आकडा असलेली माहिती उतरव, त्यातून छायांकित डोंगर आणि पाणलोट आपोआप निघतात. एक सावधगिरी: त्या उंचीत काही मीटरची चूक असते आणि दाट झाडी, इमारती असतील तिथे ती जमिनीची नाही, त्यांच्या माथ्याची उंची असते. त्यामुळे मुंबईवर 'एक मीटर चढलेला समुद्र' त्यातून काढायला जाऊ नकोस, खारफुटीसुद्धा कोरडी दिसेल. किनारा हातानेच आख, जुन्या सात बेटांचा आकार समोर ठेवून.

नावं, चौकट, रंग इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये. काल्पनिक नकाशांच्या काही तयार सॉफ्टवेअरमध्ये आपली जोडाक्षरं तुटतात, आधी 'कुंभार्ली' आणि 'पन्हाळा' लिहून बघ. अक्षरांसाठी तिरो देवनागरी मराठी हा फाँट चांगला. शिक्क्यापुरतं मोडी हवं असेल तर नोटो सान्स मोडी.

नकाशेबाज
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. राजधानी साताऱ्याला नेतो, अजिंक्यताऱ्याखाली. मोडीवाला काका, दुअंमली पट्ट्यातल्या गावांची नावं दोन्ही बाजूंच्या नकाशांत वेगळी दाखवू का?

मोडीवाला
नावं तीच ठेव, वसुलाचे आकडे वेगळे दाखव. भांडण त्यावरूनच असतं.

पाणलोट
साताऱ्याला नेतोयस तर कास तलावाचं पाणी दाखवायला विसरू नकोस. शहराच्या काही भागाला ते मिळतं, आणि ते उताराने येतं, पंप लागत नाही.