अनुभव धागा: आकाशात ‘ते’ दिसलं, कळवलं... पुढे चौकशीत काय निघालं?

ध्रुवमत्स्य

नमस्कार मंडळी,

संध्याकाळी शुक्र जरा वर चढला की माझा फोन वाजायला लागतो. वीसेक वर्षं हौशी आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेते, त्यामुळे भाच्यांपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांकडे माझा नंबर आहे. “ताई, ते हलतंय हो!” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता “काय हलतंय?” असं विचारतसुद्धा नाही. थेट दिशा विचारते.

पण हसण्यावारी नेण्याआधी लडाखचं प्रकरण आठवा. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात पँगाँग सरोवराच्या परिसरातल्या आपल्या जवानांनी आकाशातल्या अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याची नोंद होती. चीनचे टेहळणी ड्रोन, हाच पहिला संशय, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? शेवटी लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, की ही वस्तू आकाशस्थ आहे की जमिनीवरून उडवलेली? ताऱ्यांच्या संदर्भात तिची हालचाल तपासल्यावर उत्तर आलं: गुरू आणि शुक्र.

जुलै २०१३ मध्ये बातमी फुटली आणि समाजमाध्यमांवर जवानांची यथेच्छ टिंगल झाली. मला तेव्हाही ती आवडली नव्हती. नकाशा डोळ्यांसमोर आणा. सरोवर आपल्याकडून पूर्वेला तिबेटात शिरतं. गुरूसारखा ग्रह पूर्वेला उगवणार, म्हणजे ‘त्यांच्या’ डोंगरामागून वर येणार, आणि रात्रभरात आपल्या डोक्यावरून पश्चिमेला जाणार. रोज रात्री, न चुकता घुसखोरी!

तर तुमचे अनुभव लिहा. तारीख, वेळ, दिशा आठवत असेल तर जरूर द्या. कुणाला कळवलं आणि चौकशी कशी झाली, हे विशेष करून. फौजेतल्या मंडळींनी पोस्टची नावं, ठिकाणं अजिबात लिहू नयेत.

चाळकरी

डिसेंबर १९७१, गिरगाव. मी आठ वर्षांचा. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. आमच्या चाळीच्या गच्चीवरून रोज संध्याकाळी समुद्राच्या बाजूला एक दिवा दिसायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी जाहीर केलं की ते पाकिस्तानी विमान असून मुंबईचे फोटो काढतंय. बायकांनी स्टोव्ह विझवले.

नागरी संरक्षण दलाचे वॉर्डन आले. हीच आमची लष्करी चौकशी. त्यांनी गच्चीच्या कठड्याच्या नक्षीतल्या भोकाला डोळा लावला आणि दहा मिनिटं हललेच नाहीत. मग उठून म्हणाले, “विमान असतं तर एव्हाना कराचीला जाऊन जेवलं असतं. ही चांदणी आहे. स्टोव्ह पेटवा, पण खिडकी लावून.”

ध्रुवमत्स्य

काका, वॉर्डनना माझा नमस्कार. त्या डिसेंबरात शुक्र संध्याकाळीच होता, सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला खाली. गिरगावातून बरोबर समुद्रावर! भोकातून बघणं ही तर फार हुशारीची गोष्ट. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो डुलल्यासारखा वाटतो. ती डोळ्यांची खोड आहे. बाजूला एखादी स्थिर कड असली की डुलणं थांबतं.

कडबाकुट्टी

आमच्याकडं आकाशातून नुसता दिवा नाही, सामान पडतं. लातूर जिल्हा, औसा भाग. सकाळी सकाळी तुरीच्या रानात पांढरं प्लॅस्टिक पसरलेलं, एकराच्या आसपास, आणि दोऱ्याला एक पेटी. कुणी म्हणालं बाँब, कुणी म्हणालं पाकिस्तानचं. पोलीसपाटलानं ठाण्यात फोन केला, ठाण्यातून अजून वर. दुपारपर्यंत जत्रा. भेळवाला सुद्धा आला, खोटं नाही सांगत.

पेटीवर मजकूर चिकटवलेला होता, कुणी वाचलाच नव्हता. माझ्या पुतणीनं वाचला. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं सोडलेला बलून, यंत्रांना हात लावू नका, पोलिसांना कळवा, कळवणाऱ्याला बक्षीस. संध्याकाळी त्यांची गाडी आली. पेटी नेली, प्लॅस्टिक बरंचसं आधीच गावानं नेलं होतं. अजून दोन गोठ्यांवर आहे. पाऊस थेंबभर येत नाही.

शंकासुर

म्हणजे सगळं शुक्रावर आणि फुग्यावर ढकलायचं ठरलेलं दिसतंय. 🙂

लडाखचंच घ्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये बातम्या काय होत्या? लष्कराने सरोवराजवळ फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (रेडिओ लहरी टिपणारं यंत्र) लावले, दिव्याचा माग लागला नाही. लडाखमधल्याच हानले वेधशाळेच्या खगोलशास्त्रज्ञांनी पाहिलं आणि हे ग्रह नव्हेत, उल्का नव्हेत असं म्हटल्याचं छापून आलं. आठ महिन्यांनी तेच गुरू-शुक्र झाले. कुठला अहवाल खरा धरायचा? आणि रडारवर येत नाही म्हणजे धातूचं नाही, हा निष्कर्ष तेव्हा काढलाच होता ना?

ध्रुवमत्स्य

शंकासुर, प्रश्न रास्त आहे. तेव्हाच्या आणि नंतरच्या बातम्या एकमेकींशी जुळत नाहीत हे खरं. दोन्हींमागचे मूळ अहवाल तुमच्या-माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे प्रत्येक नोंद ग्रहाचीच होती असं मीही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रडारबद्दल म्हणाल, तर साठ कोटी किलोमीटरवरचा गुरू सीमेवरच्या रडारवर कसा येईल? ‘रडारवर नाही’ याचा अर्थ ‘धातूचं नाही’ एवढाच होत नाही, ‘इथे नाहीच’ असाही होतो.

आणि एक साधी कसोटी आहे. आकाशातली वस्तू रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवते. आठवड्याला अर्धा तास, महिन्याला दोन तास. (शुक्र सूर्याच्या मागेपुढे धावत असल्याने त्याचा हिशोब वेगळा, पण गुरूला हे चालतं.) चीनचा कुठलाही ड्रोनवाला रोज चार मिनिटं आधी ड्युटीवर येणार नाही. ज्याने वेळ लिहून ठेवली, त्याच्या वहीतच उत्तर असतं.

डेटनकर

ओहायोतून. घरापासून वीस मिनिटांवर राइट-पॅटरसन हवाई तळ. अमेरिकी हवाई दलाने १९४७ पासून उडत्या तबकड्यांची चौकशी केली ती इथून. आधी ‘साइन’ नावाचा प्रकल्प, मग ‘ग्रज’, आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’. डिसेंबर १९६९ मध्ये दुकान बंद. एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत ‘अनोळखी’.

त्या फायली आता कुणालाही वाचता येतात. टाळेबंदीत मला व्यसन लागलं होतं. प्रत्येक प्रकरणाला एक कार्ड. तारीख, ठिकाण, किती वेळ दिसलं, कुठल्या दिशेला गेलं, आणि उजवीकडे निष्कर्षाचे चौकोन. फुगा: होताच, बहुधा होता, शक्यता आहे. विमान: होतंच, बहुधा, शक्यता. खगोलीय: पुन्हा तेच तीन. त्याखाली ‘माहिती अपुरी’ आणि ‘अनोळखी’. आमच्या आजीची खात्री-अखात्रीची भाषा अशीच होती: “आलाच”, “आलाय वाटतं”, “आला असेल बाई”.

शंकासुर यांच्याशी एका बाबतीत सहमत. निष्कर्ष काढायची घाई तिथेही नडली. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांना प्रकल्पाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन हायनेक यांनी ‘दलदलीतला वायू’ म्हटलं आणि देशभर चेष्टा झाली. हाच माणूस आला होता शंकेखोर म्हणून, आणि पुढे हवाई दल चौकशी धड करत नाही म्हणून टीका करू लागला.

ते ७०१ म्हणजे परग्रहवासी नव्हेत, हे सांगून दमलो. कार्डावर कारण सापडलं नाही, एवढंच.

सीट १४ए

१९ नोव्हेंबर २०२३, इंफाळ विमानतळ. रविवार. अडीचच्या सुमारास उड्डाणं थांबवली. आधी “तांत्रिक कारण”, मग कुजबुज, मग कुणाच्या तरी मोबाइलवर एक पांढरट ठिपका. मणिपूर तेव्हा आधीच पेटलेलं होतं, त्यामुळे गंमत म्हणून कुणी बघत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाई जपमाळ ओढत होत्या, त्यांचा मुलगा चिप्स खात होता. तीनेक तासांनी सगळं सुरू झालं.

नंतर बातम्यांत कळलं की हवाई दलाने पश्चिम बंगालमधल्या हाशिमारा तळावरून राफेल पाठवली होती, एकामागून एक दोन. काही सापडलं नाही. विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही, असं पूर्व कमांडने जाहीर केलं.

ताई, हाही शुक्रच का?

ध्रुवमत्स्य

नाही! शुक्र तेव्हा पहाटेचा होता, त्या दिवशी इंफाळला दुपारी दोनच्या आसपासच मावळला. त्यानंतर लोकांना जे दिसलं ते दुसरं काहीतरी. डेटनकरांच्या कार्डावर मी ‘माहिती अपुरी’वर खूण करेन.

झाडीपट्टी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशातून पेटते गोळे रांगेनं गेले. विदर्भातच नाही, खानदेशापर्यंत लोकांनी पाहिले, बऱ्याच जणांकडं व्हिडिओ असतील. माझ्या मामाचं घर सिंदेवाही तालुक्यात. लाडबोरीत माणूसभर उंचीपेक्षा मोठं धातूचं कडं येऊन पडलं. दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या शिवारात गोळे सापडायला लागले, काळ्या धाग्यांनी गुंडाळलेले, माठाएवढे.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. कड्याला हात लावून पाहिला. एका बाजूला जळून खरखरीत, दुसरी बाजू चक्क गुळगुळीत. म्हाताऱ्या माणसांनी विचारलं ते एवढंच, की हे सणाच्या दिवशी घरावर पडलं असतं तर? इस्रोची माणसं येऊन बघून गेली. चिनी रॉकेटचा भाग, असं अभ्यासकांनी सांगितलं.

पाटणचा फौजी

जय हिंद. बरेच दिवस धागा वाचतोय, आज लिहितो. पायदळात होतो, आता पेन्शनवर गावी. ताईंनी सांगितलंय तसं पोस्टचं नाव घेत नाही. पूर्व लडाख, २०१२ चा हिवाळा.

ज्यांनी टिंगल केली त्यांच्यासाठी सांगतो. ओपीवर, म्हणजे टेहळणीच्या चौकीवर, रात्रीची ड्युटी दोन-दोन तासांची. बंकरमध्ये बुखारी (शेगडी), बाहेर उणे वीसच्या खाली. दुर्बीण डोळ्याला लावली तर रबर चिकटतं, म्हणून मफलरचा पदर मध्ये घ्यायचा. समोरच्या डोंगराच्या दातरीवर आधी उजेड येतो, मग एकदम दिवा बाहेर पडतो, जसा घाटात समोरून ट्रक वळावा. पिवळसर. खाली असताना लाल-हिरवा लुकलुकतो, विमानाच्या दिव्यासारखा. मी साताऱ्याचा, चांदण्या बघतच मोठा झालो. पण असली चांदणी आमच्या गावाकडं नसते. तिथली हवा इतकी विरळ की तारा अंगावर येतो.

पहिल्या रात्री नाईकानं मला उठवलं. थर्मलमध्ये, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत, पाहिलं, काही नाही. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर ढळढळीत. फोनवर वर कळवलं. साहेबांनी एकच विचारलं: बेअरिंग (अंशातली दिशा) काय, वेळ काय, लिहिलंस का? ‘चांदणी असेल’ म्हणून सोडून द्यायचा अधिकार पहाऱ्यावरच्या जवानाला नसतो. आम्ही ठरवायचं नाही, आम्ही लिहायचं. ठरवणारे वर बसलेत. आणि एक दिवस ते खरंच ड्रोन निघालं असतं तर? मग त्याच लोकांनी विचारलं असतं की पोस्टवर झोपला होता काय.

पुढच्या वर्षी बातमी आली तेव्हा लंगरमध्ये सगळे हसले, मीही. आमच्या सुभेदार साहेबांना हसू आलं नाही. ते म्हणाले, “तीनशेच्या वर वेळा बघितलं आणि एकदाही गोळी चालली नाही. हे कुणी छापत नाही.”

ध्रुवमत्स्य

दादा, हा प्रतिसाद दोनदा वाचला. लॉग अर्थातच तिकडेच राहिला असणार. तुमच्याकडे स्वतःची अशी काही टिपणं आहेत का? वेळेची?

शंकासुर

+१. आणि टिंगल करणाऱ्यांत मी होतो, दादा. माफी.

पाटणचा फौजी

माफी कशाला साहेब.

ताई, ट्रंक उघडली. घरी पत्रं लिहायची माझी खिशातली वही सापडली. मागच्या पानावर रजेचे दिवस मोजायचो, त्याच्याच बाजूला त्या ‘पाहुण्या’ची वेळ टिपलीय. डोंगरावरून बाहेर पडल्याची. आहे तशी उतरवतो, वेळ फौजी पद्धतीची, १९२२ म्हणजे संध्याकाळचे सात बावीस:

७ नोव्हेंबर, १९२२, बेअरिंग ६७
८ नोव्हेंबर, १९१८
९, १० ढग
११ नोव्हेंबर, १९०४
१४ नोव्हेंबर, १८५१

बारा-तेराला ड्युटी नव्हती. सात ते चौदा, सात दिवसांत एकतीस मिनिटं. मी आत्ता बायकोसमोर बोटांवर मोजून बघितलं, ती विचारते कसला हिशोब चाललाय.

पंधराला बर्फ. सोळाला माझी रजा लागली, पुढचं पान कोरं आहे.