आधी तेल बदला, ग्रेड नंतर

जुन्या बाइकचे पुढचे शॉकअप खड्ड्यात ठक्कन आपटतात म्हणून त्यांत जाड तेल घाला, असा सल्ला मिळतो. जरा थांबा. वजन पेलते ती स्प्रिंग, तेल फक्त तिची उसळी आवरतं. १०च्या जागी २० ग्रेड (ग्रेड म्हणजे तेलाचा जाडपणा) घातलंत तर ब्रेक दाबताना गाडी सावकाश वाकेल, पण पेव्हर ब्लॉकवर मनगटं बोलायला लागतील. जाड तेल शॉकअपमधल्या बारीक भोकांतून पटकन सरकत नाही ना!

माझ्या गाडीतून निघालं ते तेल नव्हतंच, राखाडी गढूळ पाणी होतं. (मुंबईचे किती पावसाळे झेलले होते कोण जाणे.) मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल डाव्या-उजव्या दोन्ही शॉकअपमध्ये मोजून सारखं भरलं, निम्मं दुखणं तिथेच गेलं.

तरी आपटत असेल तर शॉकअपच्या आत-बाहेर सरकणाऱ्या नळीला केबल टाय बांधा, सरकवून सीलला (तेल अडवणाऱ्या रबरी कडीला) टेकवा, हळूच गाडीवर बसा, तसंच उतरा. शॉकअप जितका दबू शकतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त टाय सरकला तर स्प्रिंग थकून बसलीय. आणि नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील घालून पैसे वाया घालवू नका, लवकरच परत गळेल.