सुट्टीत घरच्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी नवी मालिका कशी निवडायची?

इंदिरानगर_नाशिक

नमस्कार मंडळी. शाळांना सुट्टी लागली आहे आणि रात्री साडेआठ ते दहा या वेळात घरातली सहाही माणसं टीव्हीसमोर असतात. आजी-आजोबा सत्तरीच्या पुढचे, मुलं ९ आणि १४ वर्षांची, आणि आम्ही दोघं. टीव्ही एकच. केबल आहे, ब्रॉडबँड आहे, ओटीटी सध्या एकच आहे, फार तर आणखी एक महिनाभरासाठी घेता येईल. कॉमेडीचे कार्यक्रम आणि रिअ‍ॅलिटी शो नकोत, नीट गोष्ट असलेली मालिका हवी. शक्यतो मराठी आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली. प्रोमो बघून निवडलं की दुसऱ्या आठवड्यातच कंटाळा येतो, तर निवडताना नेमकं काय बघायचं?

पटकथा_प्रेमी

आधी वेळेचा हिशेब करा. डेली सोपच्या अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग, म्हणजे दोन तास बारा मिनिटं. सुट्टीचे सहा आठवडे धरले तर ३६ भाग, तेरा तासांहून थोडं जास्त, आणि एवढं बघूनही गोष्ट मध्यातच असते. चाळीस मिनिटांच्या आठ भागांची वेब मालिका पाच तास वीस मिनिटांत संपते. तुमच्या दीड तासात रोज दोन भाग आरामात बसतात, म्हणजे चार रात्रींत एक गोष्ट पूर्ण. सुट्टीपुरतं बघायचं असेल तर सगळे भाग आलेला, संपलेला सीझनच घ्या.

निवडताना श्रेयनामावली थांबवून वाचा. मराठी मालिकांत कथा, कथाविस्तार, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावं असतात. बहुतेक लोक नट बघतात, फार तर दिग्दर्शक बघतात, पण प्रसंगामागून प्रसंग कसा येणार हे पटकथा लिहिणाऱ्याच्या हातात असतं. पूर्वी आवडलेल्या मालिकेची पटकथा कोणाची होती ते बघा आणि त्या नावाचं नवं काम शोधा. माझ्या मते निवडीची याहून भरवशाची खूण नाही. वेब मालिकेत एक-दोन लेखक सगळे भाग लिहितात, त्यामुळे तिथे ही खूण जास्त खरी ठरते. डेली सोपमध्ये पटकथाकार मध्येच बदलू शकतो. ओळखीच्या मालिकेची चाल अचानक बिघडली तर आधी तिथलं नाव बदललंय का ते तपासा.

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो त्यालाही कारण आहे. मालिका सुरू होण्याआधी काही भाग तयार करून ठेवतात, त्याला भागांची बँक म्हणतात. ते भाग सावकाश, पुन्हा पुन्हा लिहून केलेले असतात. टेलिकास्ट रोजचं असल्यामुळे बँक संपत जाते, चित्रीकरण प्रक्षेपणाच्या तारखेला येऊन भिडतं आणि मग एक प्रसंग ताणून तीन भागांत भरला जातो. म्हणून डेली सोपची परीक्षा पहिल्या भागावर घेऊच नका. पहिले दोन भाग बघा आणि थेट दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारचा, म्हणजे बारावा भाग लावा. तो लावल्यावर हे मोजा: एका वाक्यानंतर किती जणांचे चेहरे दाखवले, आणि तेच संगीत त्या प्रत्येक चेहऱ्यावर पुन्हा वाजलं का. दार उघडतं, बाई आत येते, पाच जण वळून बघतात, भाग संपतो. दुसऱ्या दिवशी तेच दार पुन्हा उघडतं आणि आधीची दोन मिनिटं तशीच परत दाखवली जातात. बाराव्या भागात हे दिसलं की सोडून द्या, पुढे ते वाढतच जातं.

केबल_ते_अ‍ॅप

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. वाहिन्यांच्या मालिकांबद्दल थोडी भर घालतो.

टीआरपी बघून मालिका निवडू नका. बार्क ही टीव्हीचा प्रेक्षक मोजणारी संस्था; तिचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि त्या आठवड्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सोमवारी सुरू झालेल्या मालिकेचा पहिला आकडा दहा दिवसांनी कळतो आणि तोही फक्त पहिल्या पाच दिवसांचा. त्यात त्या वेळेला आधीपासून बसलेला प्रेक्षक मोठा असतो. साडेसात-आठच्या स्लॉटमध्ये चांगली चाललेली मालिका बंद करून तिथे नवी लावली तर सुरुवातीचे आकडे जुनीच्या पुण्याईवर येतात. किती घरांत टीव्ही चालू होता हे टीआरपी सांगतो, गोष्ट कशी आहे हे त्यातून कळत नाही.

मालिका रिमेक आहे का ते मात्र जरूर शोधा. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली होती, ‘लक्ष्मी निवास’ कन्नड मालिकेवरून. रिमेक वाईटच असते असं नाही, पण मूळ मालिकेचं नाव शोधून ती किती वर्षं चालली, किती भाग झाले आणि मध्ये किती वर्षांचा लीप (गोष्ट एकदम काही वर्षं पुढे नेणं) घेतला हे बघितलं की पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो. मूळ मालिका हजार भागांच्या पुढे गेली असेल तर सुट्टीत तिला हात लावू नका.

आता कुठे काय मिळतं ते. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन्ही वाहिन्यांच्या मालिका आता जिओहॉटस्टारवर आहेत. झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर आणि सन मराठीच्या सन नेक्स्टवर. दुसरं ओटीटी घेणार असाल तर घरात कुठली वाहिनी जास्त लागते ते बघू नका. ती केबलवर आहेच. केबलवर न येणाऱ्या वेब मालिका ज्या अ‍ॅपवर जास्त आहेत तेच घ्या, एकाच महिन्याचं घ्या आणि पैसे भरल्याबरोबर ऑटो-रिन्यूअल बंद करून टाका. महिना संपेपर्यंत अ‍ॅप चालूच राहतं.

केबलवर एखादी वाहिनी दिसत नसेल तर पूर्ण पॅक बदलायची गरज नाही. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे सुटी वाहिनी घेता येते. केबलवाल्याला वाहिनीचं नाव आणि एसडी की एचडी एवढं सांगा. दोन्हींचे दर वेगळे असतात आणि काही न सांगता महागडी एचडी लावली जाण्याची शक्यता असते.

आयपीएल मार्चअखेर ते मेअखेर चालतं आणि रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो, म्हणजे तुमच्या वेळेत एकुलता एक टीव्ही हमखास अडकणार. तेवढ्या काळात मालिका अ‍ॅपवरच ठेवा.

इंदिरानगर_नाशिक

दोघांचेही आभार. बाराव्या भागाची युक्ती आजच करून बघतो. आणखी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. नऊ वर्षांच्या मुलीसमोर काय लावावं हे आधी कसं कळेल? वेब मालिकांत संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की संगीत कानठळ्या बसवतं, यावर काय उपाय? आणि महावितरणची पावसाळ्याआधीची कामं चालू आहेत, वीज जाते तेव्हा नेटही जातं, त्याचं काय करायचं?

सातपूर_टेक

तिन्ही प्रश्न सेटिंगचे आहेत.

वयोगट. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक मालिकेला यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ किंवा ए असं वर्गीकरण असतं. भाग सुरू होताना कोपऱ्यात ते दिसतं आणि शेजारी कारणही लिहिलेलं असतं: हिंसा, भाषा, भीती वगैरे. आकड्यापेक्षा ते कारण वाचा. शिवीमुळे १३+ आणि रक्तपातामुळे १३+ यांत नऊ वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि तुमच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन नसेल तर मुलांचं प्रोफाइल असून उपयोग नाही, एका बटणात तुमच्या प्रोफाइलमध्ये येता येतं.

आवाज. बऱ्याच वेब मालिकांचा आवाज ५.१ मध्ये, म्हणजे सहा वेगळ्या वाटांत मिसळलेला असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला फक्त दोन स्पीकर, त्यामुळे सहा वाटा दोनांत ओतताना संवाद दबतात आणि संगीत वर येतं. भाग चालू असताना ऑडिओच्या मेनूमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ मिळतंय का बघा. तो पर्याय नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये साउंड मोड ‘सिनेमा’वरून काढून ‘स्पीच’ किंवा ‘क्लिअर व्हॉइस’वर ठेवा. टीव्ही भिंतीला चिकटवलेला असेल तर स्पीकर बहुधा मागे किंवा खाली असतात. खाली शोकेसवर जाड कापड किंवा फ्रेमची रांग असली तरी आवाज गढूळ होतो. आजी-आजोबांसाठी सबटायटल्स लावणार असाल तर अक्षरं मोठी करा, आणि पिवळी अक्षरं काळ्या पट्टीवर घ्या, पांढऱ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत.

हे करताना ऑडिओची भाषाही तपासा. प्रोफाइलची भाषा हिंदी असेल तर मूळ मराठी मालिका हिंदी डबिंगमध्ये सुरू होऊ शकते. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, बोली गायब होते आणि माणसं म्हणतात अभिनय खोटा आहे.

नेट. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’समोर काय छापलंय ते वाचा. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट असतं, अँपिअर १, १.५ किंवा २. यूपीएसचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावलात तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि वायफायचा राउटर असे दोन डबे असतील तर दोघांनाही यूपीएसवर घ्यावं लागतं. बरेच जण फक्त वायफायवाला डबा जोडतात, वायफायचे दिवे लागलेले दिसतात पण नेट येत नाही.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. घरात येणारी वायर काचेच्या फायबरची बारीक आहे की जाड तांब्याची लॅन केबल आहे? लॅन केबल असेल तर इमारतीत किंवा गल्लीत कुठेतरी केबलवाल्याचा स्विच (अनेक घरांना नेट वाटून देणारा डबा) बसवलेला असतो आणि त्यालाही वीज लागते. त्याच्या स्विचला बॅटरी नसेल तर तुमचा यूपीएस वाया जाईल. वीज गेल्यावर त्याचा स्विच किती वेळ चालतो हे विचारा आणि मगच खर्च करा.

यूपीएसवर नेट चाललं तरी वीज नसताना टीव्ही बंदच राहणार, म्हणून त्या रात्रीचे दोन भाग सकाळीच टॅबवर डाउनलोड करून ठेवा. डाउनलोड केलेला भाग एकदा सुरू केला की बऱ्याच अ‍ॅपवर ४८ तासांत संपवावा लागतो, त्यामुळे आठवड्याभराचे भाग एकदम चालू करून बघू नका. वीज असून नेट नसेल आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावणार असाल तर क्वालिटी टीव्हीच्या अ‍ॅपमध्ये कमी करा, मोबाईलमधलं सेटिंग टीव्हीला लागू होत नाही. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे रोजचा दीड जीबी अर्ध्या तासात संपू शकतो. साध्या एसडीला तासाला पाऊण ते एक जीबी लागतो.

गोदाकाठ_वाचक

सगळ्यांनी निवडीची रीत सांगितली, मी नावं सांगते.

पहिली ‘लंपन’. सोनीलिव्हवर मे २०२४ मध्ये आली, दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी, प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’वर आधारलेली. त्या वर्षी गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार हिलाच मिळाला. आई-बाबांपासून दूर आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा, कानडी हेल असलेली मराठी. तुमच्या सहाही जणांनी एकत्र बघावी अशी हीच आहे. इथे मात्र दोन भागांवर निकाल लावू नका. गोष्ट घटनांनी पुढे जात नाही, लंपनच्या डोक्यात काय चाललंय त्यावर ती चालते. घाई करणाऱ्याला पहिले दोन भाग संथ वाटतील, चौथ्यापर्यंत थांबा. हिंदी ऑडिओ तर अजिबात नको, त्या भाषेतच मालिकेचा निम्मा जीव आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आवडली तर टिळकपथावरच्या सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जाऊन पुस्तक आणा, बघून झाल्यावर वाचलेलं जास्त चांगलं.

दुसरी ‘मानवत मर्डर्स’, सोनीलिव्ह, ऑक्टोबर २०२४, दिग्दर्शन आशिष बेंडे. १९७२ ते ७४ मध्ये परभणीजवळच्या मानवतमध्ये झालेल्या खुनांचा तपास. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. तपासाची पटकथा कशी बांधावी हे बघायचं असेल तर ही बघा. पण त्यात लहान मुलींचे खून आहेत, त्यामुळे नऊ वर्षांची मुलगी झोपल्यानंतरच लावा. चौदा वर्षांच्या मुलासोबत बघायची असेल तर पहिला भाग आधी तुम्ही दोघांनी बघून ठरवा.

झी५ वर मे २०२५ मध्ये ‘अंधार माया’ आली, कोकणातला वाडा, किशोर कदम. भीतीची गोष्ट आहे, लहानांसाठी नाही.

पटकथा_प्रेमी यांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. आजी-आजोबांकडून डेली सोप काढून घेऊ नका. उद्या काय होणार यावर दिवसभर बोलणं हाच त्यांच्या बघण्याचा मोठा भाग असतो, चार रात्रींत संपणाऱ्या गोष्टीत तो मिळत नाही. त्यांची एक मालिका दुपारच्या पुनःप्रक्षेपणाला लावून द्या, रात्रीचा वेळ सगळ्यांचा.

पटकथा_प्रेमी

पटलं. दुपारचं पुनःप्रक्षेपण हा उपाय माझ्या लक्षात आला नव्हता. ‘लंपन’ला चार भाग द्यायला हवेत हेही बरोबर.

इंदिरानगर_नाशिक

आज रात्री ‘लंपन’ लावतोय, मराठी ऑडिओ आणि स्टिरिओ करून. राउटरचा अडॅप्टर बघितला: १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. वायर मात्र जाड लॅनचीच निघाली.

सातपूर_टेक

मग यूपीएस आत्ता घेऊ नका. आधी केबलवाल्याला त्याच्या स्विचच्या बॅटरीबद्दल विचारा, आणि इमारतीपर्यंत फायबर आलं असेल तर घरापर्यंत ओढून देतो का तेही विचारा.