हवेचा दाब उतरला की डोकं दुखतं का? मदत हवी आहे

माझ्या बहिणीला मायग्रेन आहे. आभाळ भरून आलं की पाऊस पडायच्या आधीच तिची एक बाजू ठणकायला लागते, मग उजेडही सहन होत नाही. तिचे हाल बघवत नाहीत.

वादळी हवेत दाब उतरतो, हे समजतं. पण समुद्रसपाटीला सरासरी दाब साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो आणि दर ८ मीटर उंचीला जेमतेम १ ने कमी होतो. म्हणजे उंच इमारतीत लिफ्टने वर गेलं तरी काही हेक्टोपास्कलचा फरक पडतोच की! तेव्हा तिला काहीच होत नाही. मग खरं कारण दाब, दमटपणा, की बिघडलेली झोप? की दाब बराच वेळ उतरलेला राहणं महत्त्वाचं?

फोनमधल्या बॅरोमीटरवरून दाबाची आणि दुखण्याची वही कोणी ठेवली आहे का? झोप, जेवण, पाळीच्या तारखाही सोबत लिहाव्यात असं मला वाटतं, नाहीतर सगळं खापर हवेवरच फुटेल. डॉक्टरांना दाखवताना नेमक्या कोणत्या नोंदी उपयोगी पडल्या, तेवढं कृपया सांगा.