औरंगाबाद, 26 एप्रिल 1993 : तुम्ही तेव्हा कुठे होता?

चिकलठाणेकर

12 जून 2025 ला अहमदाबादचं विमान मेडिकलच्या मुलांच्या मेसवर पडलं. संध्याकाळी आईचा फोन आला. बातमीबद्दल एक शब्द नाही, नुसतं, "आपल्या गच्चीवरच्या कुरडया आठवतात का रे?"

आठवतात. मी दहा वर्षांचा होतो. सोमवार, दुपारी एकचा सुमार, ऊन असं की गच्चीवर अनवाणी उभं राहवत नव्हतं. मला कावळे हाकायला बसवलं होतं. विमानतळ जवळच, त्यामुळे रोजच्या विमानाचा आवाज आम्हाला पाठ. उडालं की तो आवाज हळूहळू वर सरकत जायचा. त्या दिवशी तो सरकलाच नाही, खालीच राहिला. मग ईशान्येकडून दणका. आई धावत वर आली आणि म्हणाली, "बॉम्ब!" मुंबईचे स्फोट होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. मग धूर दिसला. आख्खा वाडा गच्चीवर चढला आणि सगळे कुरडयांवर उभे राहून बघत राहिले. खाली बघायचं कुणाला सुचलंच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737, पुढे मुंबईला निघालं होतं. धावपट्टी संपते तिथून आडवा जाणारा बीड रोड. त्यावर कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक. उडता उडता विमानाची डावी चाकं आणि डावं इंजिन ट्रकला घासलं, पुढे तीनेक किलोमीटरवर ते विजेच्या उच्चदाब तारांत अडकलं आणि कोसळून पेटलं. आत 118 जण होते. 55 गेले, 63 वाचले.

जे विमानात नव्हते, पण ज्यांच्या घरावरून, शेतावरून, रस्त्यावरून ते गेलं, त्यांनी लिहावं. दुसऱ्या गावचं असलं तरी चालेल.

गाठीवाला

आमचे अण्णा बीड रोडवरच गाठी वाहायचे. तो ट्रक त्यांचा नव्हता. हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं गेलंय की त्याला आता चाल लागलीय.

त्या दिवशी अण्णा गेवराईकडं गेलते. घरी फोन नाही. तीन वाजेपर्यंत गल्लीत बातमी : गाठीची गाडी होती. आई शेजारच्या काकूंना घेऊन ट्रक स्टँडवर गेली, तिथं जो तो म्हणायलाय, "नंबर काय होता माहीत नाही वहिनी." दोन रात्री आम्ही असेच बसून. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा दारात, खांद्यावर टरबूज. त्यांना काहीच पत्ता नाही की आपल्याला इकडं मेलेलं धरलंय. आईनं टरबूज घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि मग जी रडायला लागली.

खरा ताप नंतरचा. धाब्यावर, काट्यावर, जिनिंगच्या फाटकावर कुणीतरी म्हणायचंच, "आले विमान पाडणारे." चेष्टाच, पण रोजची. गावात तर पक्कं झालं होतं की ट्रकवाला मधी घुसला. अण्णा एकच बोलायचे : "गाडी जमिनीवर होती. हवेत कोण होतं?" गाठी वाहणं त्यांनी दोन वर्षांत सोडलं. कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

उष्ण_हवा

गाठीवाला, तुमच्या अण्णांचं म्हणणं चौकशीतही तसंच निघालं. दोन कारणं नोंदवली गेली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दोन, उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक थांबवायला हवी होती, ती विमानतळ यंत्रणेने थांबवली नाही. ट्रक आपल्या रस्त्याने चालला होता.

भर उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही उतरतो. तेवढ्याच वजनाच्या विमानाला जास्त लांब धावावं लागतं. एप्रिलची दुपार, जवळपास भरलेलं विमान आणि पुढ्यात रस्ता. मार बसला तो रस्त्यापासून साधारण सात फुटांवर. म्हणजे माणसाच्या डोक्याच्या जरा वर.

गाठीवाला

हे अण्णा असताना कुणी वाचून दाखवलं असतं तर. असो.

पाचवा_वॉर्ड

मी घाटीत, म्हणजे औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात, नर्सिंगला होते, दुसरं वर्ष. रक्त द्यायला आलेल्यांची रांग आठवते. उन्हात उभे होते, डोक्यावर रुमाल, वह्या, कुणाच्या डोक्यावर चक्क ताट. आणि भिंतीवर चिकटवलेली हाताने लिहिलेली नावांची यादी. एक गृहस्थ ती खालून वर वाचत होते. मी म्हटलं, काका, वरून वाचा. म्हणाले, "वरून दोनदा वाचली." बाकीचं लिहीत नाही.

त्याच वर्षी 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो आणि कुणी सांगायची वाट बघितली नाही.

चिंबईची_शेजारीण

औरंगाबाद नाही, वांद्रे. 1 जानेवारी 1978. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक', दुबईला निघालेलं जंबो. रात्री पावणेनऊच्या आत सांताक्रूझहून उडालं आणि दोन मिनिटंही झाली नसतील, समुद्रात गेलं. 213 जण, एकही वाचला नाही. वैमानिकासमोरचं, विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. बाहेर काळाकुट्ट समुद्र, क्षितिज दिसायचा प्रश्नच नाही. विमान उजवीकडे कललंय असं वाटून डावीकडे वळवत गेले.

आमच्याकडे नववर्षाची पाहुणेमंडळी होती. बाबा गॅलरीत होते, आत येऊन म्हणाले, एक दिवा समुद्रात गेला. आत्याने विचारलं, "किती झाले?" सगळे हसले. बाबांनी ते हसणं आम्हाला पुढे कधी माफ केलं नाही.

मला मात्र आठवते ती आमची कोळीण. वांद्र्यात लोकांनी मासे घ्यायचंच सोडलं, आमच्या आईनेही. ती बाई रोज यायची, पाटी डोक्यावरून न उतरवताच विचारायची, "आज तरी?" आई नाही म्हणायची. सगळा समुद्र शोधला तरी तिचा त्यात काय दोष? आई मार्चमध्ये कधीतरी दोन पापलेटं घेऊन आली. शिजवली. कुणी जेवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा विकत घेतली.

घाटकोपर_पूर्व

28 जून 2018, सर्वोदय नगर, पाऊस. जुहूहून चाचणीला उडालेलं छोटं विमान बांधकामाच्या जागेवर पडलं. आतले चार आणि रस्त्याने जाणारा एक. मजूर जेवायला गेले होते म्हणून वाचले. माझा रोजचा रस्ता. त्या दिवशी छत्री विसरले म्हणून परत फिरले होते. एवढंच.

जुन्नरी

आजोबांची गोष्ट, तेव्हा मी नव्हतो. 7 जुलै 1962 ची मध्यरात्र, आषाढाचा पाऊस. सिडनीहून रोमला निघालेलं इटलीचं डीसी-8 विमान मुंबईत उतरायला म्हणून वेळेआधीच खाली आलं आणि जुन्नरच्या डोंगरांत धडकलं. 94 माणसं. मुंबई अजून ऐंशीएक किलोमीटर लांब होती.

आजोबा म्हणायचे, वीज पडली समजून आम्ही झोपलो. डोंगर चढायचं ते उजाडल्यावर, चिखलात, कंदील घेऊन. उजाडल्यावर कंदील कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "धुकं होतं रे," म्हणाले, आणि तिथेच गोष्ट थांबली.

चिकलठाणेकर

सगळं आईला वाचून दाखवलं. गाठीवाल्यांचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, त्या कुरडया तिने टाकल्या नव्हत्या. तुकडे झाले होते तेवढे गोळा करून पत्र्याच्या डब्यात भरले आणि वर्षभर तळले. आम्ही खाल्ल्या. मला वाटत होतं, टाकल्या.