कॉल बंद झाल्यावर पुढं काय झालं, हे ऑपरेटरला कळावं की नको?

आठवी_गल्ली
तीन वर्षं आपत्कालीन कॉल घ्यायचं काम केलं. कुठल्या सेंटरला ते सांगत नाही, गाव आपलं नव्हतं एवढं पुरे. राजीनामा देऊन कोल्हापुरात, राजारामपुरीत परत आलेय आणि घरीदारी एकच प्रश्न, "एसीत बसून फोन तर उचलायचा, सोडलीस कशाला?"

पगार कमी, नोकरी कंत्राटी, रात्रपाळ्या लागोपाठ. हे सगळं होतंच, पण त्यासाठी सोडली नाही.

पहाटे पावणेचारचा कॉल. बाई एकट्या, नवरा छाती धरून खाली पडलेला, श्वास नाही. गाडी लावून दिली आणि ती पोचेपर्यंत छाती कशी दाबायची ते सांगत बसले. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायची असते. मी मोजायची, त्या दाबायच्या. मधेच त्यांच्या हातनं फोन निसटला, ताटावर पडल्यासारखा आवाज झाला. माझा आवाज त्यांना जाईना, पण त्यांचं मोजणं मला ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार... माझ्याच चालीत. मग दार वाजलं, माणसांचे आवाज आले, कुणीतरी फोन कट केला.

चार सेकंदांत पुढचा कॉल. एक पोरगं म्हणतंय, "मॅडम, रिचार्ज मारता का?"

तो माणूस जगला का गेला, मला अजून माहीत नाही. टीम लीडरना विचारलं तर म्हणाले, "आपलं काम गाडी लावेपर्यंत." त्याच आठवड्यात ऑडिटवाल्यांनी त्या कॉलचे मार्क कापले, कारण मी "दाबत राहा की, थांबू नका की" म्हणाले होते. 'की' प्रमाण भाषेत बसत नाही म्हणे.

माझ्या मागण्या दोनच. जड कॉलनंतर न विचारता दहा मिनिटं हेडफोन उतरवू द्या. आणि केसचं पुढं काय झालं ते एका ओळीत ऑपरेटरला कळवा. दुसरी जास्त महत्त्वाची.

बिनतारी_निवृत्त
ताई, राग मानू नका. माझी उभी नोकरी पोलीस कंट्रोलच्या वायरलेस सेटवर गेली. 2005 च्या पुरात तीन दिवस घर बघितलं नाही. दहा मिनिटं मागायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तुम्ही हेडफोन काढून बसलात तर पुढच्या बाईनं कुणाला फोन लावायचा? पहाऱ्यावरचा शिपाई मनाला लागलं म्हणून बंदूक ठेवून जातो काय?

आठवी_गल्ली
काका, शिपायाला बदली माणूस मिळतो, तेच म्हणतेय. माणसं वाढवा. दहा जणांच्या जागी सात बसवायचे आणि वर त्या सातांच्या सहनशक्तीचं कौतुक करायचं, हे आता पुरे.

तिकटीवरचा
ऑपरेटरचं दुःख ऐकलं, आता आमचं ऐका. गल्लीत डोकी फुटायची वेळ आलेली. एका आपत्कालीन नंबरला फोन लावला. "पापाची तिकटी" म्हटलं तर पलीकडची बाई विचारते, "पापाची काय?" तीन वेळा सांगितलं. मग म्हणे पिनकोड सांगा. भावा, मारामारीत पिनकोड कुणाला आठवतोय! एवढा पगार घेऊन बसता, तर गाव तरी माहीत पाहिजे की नको?

आठवी_गल्ली
'एवढा पगार' वाचून चहा सांडला.
पण मुद्दा बरोबर आहे, फक्त तो त्या बाईवर काढू नका. 112 लावला तर फोन आधी नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात जातो, तिथनं निरोप जिल्ह्याच्या कंट्रोलला आणि मग जवळच्या पोलीस गाडीला. 108 चा कॉल पुण्याला जातो. ती सेवा 2014 ला राज्यभरात 937 गाड्यांवर सुरू झाली, तेव्हापासूनच एका ठिकाणी कॉल घ्यायचे असं ठरलेलं. नागपूरच्या मुलीला 'तिकटी', म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हा शब्दच नवा. नुसतं 'चिखली' म्हणालात तर तिला आधी बुलढाण्याची आठवते, आपली प्रयाग चिखली नाही. उलट्या बाजूनंही गंमत होते. कोल्हापूरच्या माणसाला "सीपीआर द्या", म्हणजे छाती दाबा, असं म्हणून बघा, तो पेशंटला रिक्षात घालून दसरा चौकाकडं, आपल्या सीपीआर दवाखान्यात निघणार.

तिकटीवरचा
😂 हे मात्र खरं. आमच्या आईनं तेच केलं असतं.
तरी पण माझं मत तेच आहे. जिल्ह्याचे कॉल जिल्ह्यातच घ्या. 2019 ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, धोका पातळी 43 ची. तेव्हा आंबेवाडीत नाव कुठनं घालायची हे इथल्याच माणसाला कळणार.

बिनतारी_निवृत्त
आणि इथलंच ऑफिस पाण्यात गेलं, लाइट गेली तर? अशा वेळी लांबचं केंद्र चालू असतं. दोन्ही पाहिजेत.

हिंजवडीकर
बीपीओत आठ वर्षं आहे. कॉलची वेळ मोजणं, ऑडिट, मार्क हे सगळीकडे असतं. मोजलं नाही तर लोक फोन उचलत नाहीत, हेही तेवढंच खरं.

आठवी_गल्ली
उचलायला किती सेकंद लागले ते मोजा, हरकत नाही. बोलणं किती सेकंदांत संपवलं ते का मोजता? क्रेडिट कार्डाचं बिल आणि बुडणारा माणूस एकाच तक्त्यात? रिचार्जवाल्या कॉलनी सरासरी खाली येते आणि बोर्डावर आमचं नाव हिरव्या रंगात झळकतं. म्हणजे त्या पोराचे उपकारच.

कोपऱ्यातला
त्या फालतू कॉलवाल्यांना आत टाका आधी. भारतीय न्याय संहितेचं कलम 217 आहे, खोटी माहिती देऊन सरकारी माणसाला कामाला लावलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

आठवी_गल्ली
रिचार्ज मागणं म्हणजे खोटी माहिती नव्हे, दादा. आणि काही बायका "पिझ्झा पाहिजे" म्हणून फोन करतात, कारण मारणारा शेजारीच बसलेला असतो. फालतू कुठला ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

रात्रपाळी_सिस्टर
मी आयसीयूत आहे, सोळा वर्षं. पहिल्या मागणीला माझा पाठिंबा, दुसरीला ठाम विरोध. ताई, तुला वाटतंय कळलं की सुटशील. मला सगळं कळतं. बेड नंबर, वेळ, नातेवाइकांचे चेहरे. घरी जाऊन कुकर लावताना तेच डोळ्यांपुढं. तू एका पाळीत किती कॉल घ्यायचीस? त्यातल्या प्रत्येकाचा शेवट पाळी संपताना हातात दिला तर महिन्यात मोडशील. न कळणं हे तुझ्या कामातलं एकमेव सुख आहे. ते मागून परत देऊ नकोस.

आठवी_गल्ली
सिस्टर, तुम्ही म्हणताय ते कळतंय. पण तुमच्या डोळ्यांपुढं एक चेहरा येतो, तो एकदाच मेलेला असतो. माझा माणूस रोज पहाटे जगतो आणि रोज मरतो. सक्ती नको, ज्याला बघायचं त्यानं बघावं. नको त्यानं उघडू नये.

रात्रपाळी_सिस्टर
ठेवलंय म्हटल्यावर उघडल्याशिवाय राहणार नाहीस. माणूस आहेस.

बिनतारी_निवृत्त
एक आठवलं म्हणून लिहितो. आमच्याकडं मोठं लांबडं रजिस्टर असायचं. वेळ, कुणाचा फोन, काय निरोप, कुणाला दिला, आणि शेवटचा रकाना 'निकाल'. पोलीस ठाण्याकडनं उलट निरोप आला की तो भरायचा. पाळी संपताना रिकामा दिसला तर साहेब झापायचे, मग आम्हीच ठाण्याला विचारायचो, "काय झालं रे त्याचं?" 'माणूस सुखरूप' असं लिहिलं की मगच चहा. कधी 'मयत' लिहायला लागायचं. त्या दिवशी चहा नको वाटायचा, पण पान उलटायचं.

आठवी_गल्ली
काका, मी हाच रकाना मागतेय.

बिनतारी_निवृत्त
रकान्याला माझी ना नाही. दहा मिनिटांना आहे.

रात्रपाळी_सिस्टर
माझी रकान्याला आहे. चला, ड्युटीला निघाले, उद्या भांडू.