मास्क्ड आधार द्या की
'लपवण्यासारखं काही नाही तर घाबरायचं कशाला' म्हणणाऱ्यांनी आपलं पासबुक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावून दाखवावं बघू. २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क म्हटलं, पण आपण लॉजवाल्याला आधारची झेरॉक्स बिनधास्त देतो आणि ती नंतर कुठल्या रद्दीत जाते देव जाणे. मी आता मास्क्ड आधारच देतो, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतं, त्यात नंबरचे शेवटचे ४ आकडेच दिसतात, पहिले ८ झाकलेले. काउंटरवरचा पोरगा कुरकुरतो, 'साहेब फुल पाहिजे', पण दोन मिनिटं शांत उभं राहिलं की घेतो गपचूप. आणि किराणावाल्याला मोबाइल नंबर? रोख देऊन कोथिंबीर घेतोय, कर्ज नाही!